जुन्या गाडीचे सेंट्रल लॉक पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा दोष कोठे शोधावा

माझ्याकडे 2007 सालची एक छोटी गाडी आहे आणि ती रत्नागिरीत वर्षभर उघड्यावर उभी असते. तिचे सेंट्रल लॉक सलग तीन पावसाळे बिघडले आणि तिन्ही वेळा लक्षण एकच होते. ड्रायव्हरच्या दाराचा खटका दाबला की बाकीची दारे कधी लागत, कधी लागत नसत, आणि कधी चारही दारे खट्कन लागून त्याच दमात पुन्हा उघडत. पहिल्या वर्षी त्या दारातील लॉकची मोटर बदलली. दुसऱ्या वर्षी, आधीची मोटर हलक्या प्रतीची निघाली असे सांगून कारागिराने पुन्हा मोटर बदलली. तिसऱ्या वर्षी डॅशबोर्डखालचा कंट्रोल बॉक्सही नवा आला, आणि दिवाळीच्या सुमारास गाडी पुन्हा मूळ पदावर आली. दोष शेवटी सापडला तो वीतभर लांबीच्या एका वायरीत. त्या शोधात जे समजले, आणि नंतर ओळखीच्या लोकांच्या चार-पाच गाड्यांची दारे उघडताना जे ताडून पाहता आले, ते येथे लिहीत आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक सावधगिरी सांगणे भाग आहे. लॉकची तपासणी चालू असताना ड्रायव्हरच्या दाराची काच पूर्ण खाली असावी आणि किल्ली आपल्या खिशात असावी. बिघडलेले लॉक केव्हा लागेल याचा भरवसा नसतो, आणि किल्ली आत लटकत असताना चारही दारे लागली, तर तपासणीचे काम तिथेच थांबून काच फोडायची की कोणाला बोलवायचे याचा विचार सुरू होतो.

यंत्रणा समजून घेतली तर शोध निम्मा होतो, आणि ती फार गुंतागुंतीची नाही. प्रत्येक दारात 12 व्होल्टची एक लहान मोटर असते. तिच्या टोकावरचे प्लास्टिकचे चक्र दातेरी पट्टीला पुढे-मागे ढकलते आणि ती पट्टी बारीक लोखंडी रॉडमार्फत कुलपाचा खटका हलवते. अशा साध्या मोटरीला दोनच वायरी असतात. एरवी कंट्रोल बॉक्स त्या दोन्ही वायरी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला, जोडून ठेवतो. लॉक लावायचे असेल तेव्हा त्यांपैकी एकीत अर्ध्या-पाऊण सेकंदापुरते बॅटरीचे पॉझिटिव्ह सोडतो आणि उघडायचे असेल तेव्हा दुसरीत सोडतो, त्यामुळे मोटर उलट दिशेने फिरते. ड्रायव्हरच्या दारातील मोटरीत याशिवाय एक चिमुकला स्विच असतो, जो खटका वर आहे की खाली याची खबर कंट्रोल बॉक्सला देतो, आणि म्हणून त्या मोटरीला पाच वायरी असतात. मारुती 800, सँट्रो किंवा इंडिका यांच्या खालच्या मॉडेलांत कारखान्यातून सेंट्रल लॉक येत नसे, त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत ते बाजारातील किट आणून बाहेरून बसवलेले असते. अशा किटमध्ये बहुधा निळी आणि हिरवी वायर मोटरीची, काळी अर्थची आणि पांढरी व तपकिरी खटक्याची खबर नेणारी असते. कंपनीने बसवलेल्या लॉकमध्ये रंग वेगळे असतात, तत्त्व मात्र हेच असते. काही जुन्या मर्सिडीज गाड्यांत हेच काम मोटरीऐवजी निर्वात दाबाच्या ओढीने, बारीक नळ्यांमार्फत होते. त्यांचे दुखणे निराळे असल्याने त्यात येथे शिरत नाही.

आता लक्षणाकडे यावे. बहुतेक लोक आणि बरेच कारागीरही सरळ दाराचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आच्छादन, काढायला घेतात, आणि माझ्या गाडीच्या बाबतीत तीच चूक तीनदा झाली. पॅडला हात न लावता, नुसते गाडीत बसून आणि कान देऊन, दोष बऱ्यापैकी कोपऱ्यात घेता येतो. चारही दारे मुकी असतील आणि डॅशबोर्डखाली रिलेचा, म्हणजे कंट्रोल बॉक्समधील विजेने चालणाऱ्या स्विचचा, टिक असा आवाजही येत नसेल, तर फ्यूज, कंट्रोल बॉक्सचा वीजपुरवठा किंवा त्याचे अर्थिंग याकडे पाहावे. चारही दारांतील मोटरी एका दिवशी मरत नाहीत. एकच दार हट्ट करत असेल आणि बाकीची नीट चालत असतील, तर दोष त्या एका दारात आहे, मग ती मोटर असेल, कुलूप असेल किंवा त्या दाराकडे जाणारी वायर असेल. ड्रायव्हरचा खटका हाताने दाबल्यावर बाकीची दारे हलत नाहीत, पण रिमोटने चारही दारे बरोबर चालतात, अशी स्थिती असेल तर मोटरी चांगल्या आहेत आणि कंट्रोल बॉक्सचे रिलेही चांगले आहेत. बिघाड आहे तो खटक्याची खबर नेणाऱ्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरींत. उलट रिमोटने बाकीची तीन दारे लागतात आणि ड्रायव्हरचेच दार मागे राहते, तर त्या दाराची मोटर, तिच्या दोन वायरी किंवा कुलूप संशयित ठरते.

एक लक्षण विशेष बोलके आहे. लॉक लागते पण उघडत नाही, किंवा उघडते पण लागत नाही. अशा वेळी मोटर जळाली असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मोटर एका दिशेने जोरात फिरत असेल, तर तिची गुंडाळी शाबूत आहे आणि दोन्ही वायरी अखंड आहेत, कारण वीज दोन्ही दिशांना त्याच दोन वायरींतून जाते. मग उरतात तीन शक्यता: कंट्रोल बॉक्समधील त्या दिशेचा रिले, खटक्याच्या स्विचची त्या दिशेची वायर, किंवा कुलूपच त्या दिशेने घट्ट झालेले असणे. मागील दार आतून उघडत नाही, ही तक्रार घेऊन आलेल्या एका परिचितांच्या गाडीत तर बिघाड मुळीच नव्हता. धुताना कोणाच्या तरी हाताने दाराच्या कडेचा चाइल्ड लॉकचा खटका खाली सरकला होता. दाराच्या कडेला डोळे घालायला दहा सेकंद लागतात, तेव्हा ते आधी करून टाकावे.

आवाजही ऐकावा. मोटरीचा घर्र असा फिरण्याचा आवाज येतो पण खटका जागचा हलत नाही, तेव्हा आतील प्लास्टिकचे दाते झिजलेले असतात किंवा मोटर आणि खटका यांना जोडणारा रॉड सुटलेला असतो. खट् असा दबका आवाज येतो आणि खटका अर्ध्यावर थांबतो, तेव्हा मोटर दुबळी झालेली असते किंवा कुलूप जड झालेले असते. या दोहोंत फरक कसा करावा हे पुढे येते, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक मोटरी या ठिकाणी विनाकारण बदलल्या जातात.

दार उघडे ठेवावे. दाराच्या कडेला जे कुलूप दिसते, ज्याला गॅरेजमध्ये लॅच म्हणतात, त्याचा आकडा स्क्रूड्रायव्हरने आत ढकलून बंद स्थितीत न्यावा, म्हणजे दार लागले आहे असे कुलपाला वाटेल. आता खटका बोटाने खाली-वर करून पाहावा. तो लोण्यात बोट फिरावे तसा फिरला पाहिजे; बोटाला जोर लावावा लागत असेल, तर त्या चिमुकल्या मोटरीकडून ते काम रोज करून घेणे अन्यायाचे आहे. ही तपासणी संपली की बाहेरचे हँडल ओढून लॅच पुन्हा उघडे करण्यास विसरू नये, नाही तर दार आपटल्यावर आकडा खांबावरच्या कडीवर आदळतो आणि नवेच काम निघते. आकडा असा हाताने बंद केल्यावर खटका हलका चालतो, पण प्रत्यक्ष दार लावल्यावर जड होतो, असे आढळले तर कुलपात दोष नाही. बिजागऱ्या झिजून दार खाली बसले असेल, किंवा दाराचे नवे रबर जास्त जाड असल्याने कडीवर ताण येत असेल. दार किंचित उचलून धरले असता लॉक लागते का, हे पाहिल्यास ते स्पष्ट होते. त्यावर उपाय म्हणजे कडीचे स्क्रू थोडे सैल करून ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवणे. मूळ जागेची पेन्सिलने खूण मात्र आधी करून ठेवावी.

खटका मुळातच जड असेल तर लॅच स्वच्छ करावे लागते. वीस वर्षांचे जुने ग्रीस आणि रस्त्यावरची लाल माती यांचे मिळून जे काळे लुकण तयार होते, ते नुसते तेल ओतून जात नाही. रॉकेल किंवा कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा मारून, जुन्या टूथब्रशने घासून, ते पूर्ण बाहेर काढावे आणि मगच पांढरे लिथियम ग्रीस थोडेसे लावावे. डब्ल्यूडी-40 सारखा फवारा अडकलेले सोडवायला चांगला आहे, पण तो उडून जातो आणि ग्रीसची जागा घेत नाही. किल्लीच्या भोकात तर तेल घालूच नये. आपल्याकडे खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडण्याची सवय फार घरांत आहे. ते तेल 24 अंशांच्या खाली गोठू लागते, त्यामुळे थंडीच्या सकाळी किल्ली फिरत नाही, आणि उन्हाळ्यात त्याच तेलाला धूळ चिकटून चिकट लेप बसतो. तेथे ग्रॅफाइटची पूड वापरावी; ती हाताशी नसेल तर मऊ पेन्सिलीचे शिसे किल्लीच्या दातांवर घासून किल्ली पंधरा-वीस वेळा आत-बाहेर केली तरी काम भागते.

वीजपुरवठ्याची तपासणी यापुढची. बॅटरी रात्रभर विश्रांती घेतलेली असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी रिकामी, आणि अशा बॅटरीवर लॉकच्या मोटरी हमखास अर्ध्यात थांबतात. इंजिन चालू केल्यावर व्होल्टेज 13.8 ते 14.4 होते. इंजिन चालू असताना लॉक खणखणीत लागते आणि बंद असताना कुंथते, असे असेल तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा अर्थिंगचा असतो. फ्यूज कोणता हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पात्यांच्या फ्यूजमध्ये 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा आणि 30 चा हिरवा असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा घालावा. निळा पुन्हा पुन्हा जळतो म्हणून पिवळा किंवा हिरवा घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. पुन्हा पुन्हा जळणारा फ्यूज कोठेतरी सोललेली वायर पत्र्याला टेकत असल्याचे सांगत असतो, आणि मोठा फ्यूज घातला की त्याच्याऐवजी ती वायर तापते.

आता त्या जागेकडे येतो जिने माझे तीन पावसाळे खाल्ले. दार आणि गाडीचा खांब यांच्या मध्ये, बिजागऱ्यांच्या जवळ, दार उघडल्यावर एक काळी, नागमोडी वळ्यांची रबरी नळी दिसते. दारातील सगळ्या वायरी, म्हणजे लॉकच्या, काचेच्या मोटरीच्या आणि स्पीकरच्या, याच नळीतून जातात. दार प्रत्येक वेळी उघडले-मिटले की त्या वायरी त्याच ठिकाणी वाकतात. ड्रायव्हरचे दार इतर दारांपेक्षा कितीतरी अधिक वेळा उघडले जाते, म्हणून दोषही तेथे आधी येतो. दिवसाला वीस वेळा दार उघडले असे धरले तरी पंधरा वर्षांत ते लाखाहून अधिक वेळा वाकणे होते, आणि तांब्याची तार ते सहन करू शकत नाही. तिचे एकेक केस तुटत जातात. वरचे प्लास्टिक मात्र जसेच्या तसे राहते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

या दोषाची ओळख अशी. एकाने गाडीत बसून लॉकचा खटका किंवा रिमोट थोड्या थोड्या वेळाने चालवत राहावे आणि दुसऱ्याने दार सावकाश उघडत-मिटत जावे. दार एका ठराविक कोनात असताना लॉक चालते आणि बाकी ठिकाणी चालत नाही, असे दिसले तर पुढचा शोध घेण्याची गरज नाही. माझ्या गाडीत दार अर्धे उघडे असताना सर्व व्यवस्थित चालत असे, आणि गंमत अशी की कारागीर मोटर बसवून तपासणी करत तेव्हा दार नेमके अर्धे उघडेच असे. पॅड निघालेले, दार आडवे धरलेले, खटका दाबला, चारही लॉक लागली, काम झाले. पॅड बसवून घरी आलो की दोन-चार दिवसांत पुन्हा तेच. पावसाळ्यातच हे का बळावत असे, याचे कारण नंतर कळले: नळीचे खांबाकडचे टोक जागेवरून निसटलेले होते, पाणी आत झिरपत होते आणि तुटलेल्या तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज चढून उरलासुरला संपर्कही जात होता.

नळी सोडवण्यासाठी तिची कड चपट्या स्क्रूड्रायव्हरने हळूच उचलावी आणि ती दाराकडे किंवा खांबाकडे सरकवावी. रबर कडक झाले असेल तर गरम पाण्यात भिजवलेले फडके काही मिनिटे गुंडाळून ठेवावे, म्हणजे ते फाटत नाही. मग वायरींची जुडी हातात येते. प्रत्येक वायर दोन चिमटींत धरून हलकेच ताणावी. अखंड वायर ताठ राहते. तुटलेली वायर रबरासारखी लांबते आणि तुटल्या जागी बारीक होते, कारण तेथे आत तांबे नसून नुसते प्लास्टिक असते. माझ्या हातात तपकिरी वायर अशी लांबली, तेव्हा तीन वर्षांचा हिशोब एका क्षणात जुळला. खटका लागल्याची खबर नेणारी वायर तीच होती. ती टेकली की कंट्रोल बॉक्स दारे लावत असे, सुटली की गप्प बसत असे, आणि तिच्या शेजारच्या पांढऱ्या वायरीचे प्लास्टिकही तेथेच चिरल्याने दोन्हींचा एकमेकींना स्पर्श होऊन लावा आणि उघडा हे दोन्ही हुकूम लागोपाठ सुटत.

येथे मल्टिमीटर दगा देऊ शकतो, हे सांगितले पाहिजे. वायरीच्या वीस केसांपैकी एकच केस टिकून असेल तरी मल्टिमीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः नगण्य वीज ओढतो. मोटरीला मात्र जोर लावताना 3 ते 6 अँपिअर लागतात, आणि ते त्या एका केसातून जात नाहीत. म्हणून मोटरीच्या दोन वायरी तपासताना इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब दोन तारा जोडून वापरावा. तो मोटरीच्या प्लगमधील दोन टोकांना लावून लॉक चालवावे. एकदा लावताना आणि एकदा उघडताना तो लख्ख चमकला, तर वीज दारापर्यंत पुरेशी पोहोचते आहे आणि दोष मोटरीत आहे. तो मंद लुकलुकला तर वाटेत अडथळा आहे. बल्बचे एक टोक पत्र्याला लावून तपासल्यास निम्माच रस्ता तपासला जातो, कारण दुसऱ्या वायरीचे अर्थिंग तुटलेले असले तरी बल्ब पेटतो. खबर नेणाऱ्या बारीक वायरींना मात्र बल्ब लावू नये; त्या इतकी वीज वाहण्यासाठी नसतात आणि कंट्रोल बॉक्स बिघडू शकतो. त्या वायरी प्लग काढून, वायर अखंड असल्यास वाजणाऱ्या मल्टिमीटरच्या बीपवर, दार हलवत तपासाव्यात.

दुरुस्ती करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. तुटलेल्या जागीच दोन टोके पिळून, वर टेप गुंडाळून देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि तीच पुढच्या बिघाडाची पायाभरणी असते. नळीच्या वाकणाऱ्या भागात डाग (सोल्डर) दिला तरी तो टिकत नाही. शिसे तेथे वायरीला ताठ करते आणि पुढचे वाकणे डागाच्या कडेवर येऊन वायर तेथे तुटते. योग्य रीत अशी की वीत-दीड वीत लांबीचा नवा, पुष्कळ बारीक केसांचा लवचिक तुकडा घ्यावा, जाडीने मूळ वायरीइतका किंवा थोडा अधिक, आणि त्याचा एक जोड दाराच्या आत व दुसरा खांबाच्या आत यावा, म्हणजे नळीत सलग नवी वायर राहील. जोडावर डाग देऊन हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आक्रसणारी, नळी चढवावी. ती आधी वायरीत ओवून ठेवायची असते, हे मी दोनदा विसरलो आणि दोनदा डाग सोडवला. एकापेक्षा अधिक वायरी बदलायच्या असतील तर जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नयेत, नाही तर गाठोडे तयार होते आणि नळी बसत नाही. एक तुटली असेल तर तिच्या शेजारणींचेही दिवस भरत आलेले असतात, म्हणून लॉकच्या पाचही वायरी एकदमच बदलणे शहाणपणाचे. मी दोनच बदलल्या आणि पुढच्या वर्षी निळीसाठी पुन्हा तोच खटाटोप केला. शेवटी नळीची दोन्ही टोके आपापल्या खाचेत पूर्ण बसली आहेत याची बोट फिरवून खात्री करावी.

मोटर खरोखरच गेली असेल तेव्हा ती बदलणे अवघड नाही. हाताने फिरवायच्या काचेचे हँडल काढण्यासाठी त्याच्या मागे जुन्या फडक्याची पट्टी घालून, जोडे पुसताना हलवतो तशी डावी-उजवीकडे ओढावी. आतली स्प्रिंगची क्लिप त्या फडक्यात अडकून टणकन उडते, तेव्हा ती कोठे पडते यावर लक्ष असू द्यावे. पॅडच्या कडेच्या प्लास्टिकच्या पिना जुन्या गाडीत हटकून तुटतात, म्हणून डझनभर आधीच आणून ठेवाव्यात. ज्या गाडीच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असेल तेथे मात्र हे काम बॅटरी काढून, काही मिनिटे थांबून आणि जाणकाराकडूनच करावे.

बाजारातील किटच्या मोटरीत एक गोष्ट नेहमी चुकते. त्या मोटरीचा रॉड गाडीच्या मूळ रॉडला दोन बारीक स्क्रूंच्या चिमट्याने जोडलेला असतो. मोटरीची दांडी साधारण 18 ते 20 मिलिमीटर सरकते, तर कुलपाला त्यापेक्षा कमी सरकणे पुरते. चिमटा आवळताना खटका आणि मोटरीची दांडी दोन्ही आपापल्या प्रवासाच्या मध्यावर असली पाहिजेत. तसे नसेल तर एका बाजूला मोटर टोकाला पोहोचते पण खटका पोहोचत नाही. आतला स्विच अर्धवट राहतो आणि दारे लागून लगेच उघडतात. माझ्या गाडीत वायरीमुळे जे लक्षण दिसत होते तेच हुबेहूब चिमटा सरकल्यामुळेही दिसते, म्हणून नवी मोटर घेण्याआधी त्या दोन स्क्रूंवर पाना फिरवून पाहावा. मोटर बसवल्यावर तिच्या वायरी काचेच्या वाटेत येणार नाहीत अशा बांधाव्यात आणि पॅड लावण्याआधी काच एकदा पूर्ण खाली-वर करून बघावी.

रिमोटबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कंपनीच्या रिमोटमध्ये बहुधा सीआर2032 हा 3 व्होल्टचा बटणासारखा सेल असतो, किटच्या जुन्या रिमोटमध्ये 12 व्होल्टचा बारीक नळकांडीसारखा. गाडीच्या अगदी जवळ गेल्यावरच रिमोट चालतो, तेव्हा सेल बदलावा. खिशात सतत दाबले जाऊन बटणाखालचे रबर चिरले असेल तर रिमोट आपोआप हुकूम सोडतो, आणि घरापाशी उभी केलेली गाडी रात्री आपसूक उघडते ती बहुधा त्यामुळे. सेल काढून ठेवून एक रात्र पाहिली की संशय फिटतो. लॉक रात्रभर सतत टिकटिकत राहिले तर सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. सर्व बंद करून, अर्ध्या तासानंतर बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर जोडून पाहिल्यास अशा गाडीत साधारण 50 मिलिअँपिअरपेक्षा कमी वीज वाहत असावी. त्याहून बरीच जास्त असेल तर लॉकचा फ्यूज काढून मल्टिमीटरवरचा आकडा खाली येतो का ते पाहावे.

कोकणात, आणि समुद्राजवळच्या कोणत्याही गावात, दार उघडलेच आहे तर आणखी दोन गोष्टी त्याच वेळी उरकून घ्याव्यात. काचेच्या रबरातून पाणी दारात जातेच, ते खाली जाऊन दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावे अशी योजना असते. ती छिद्रे मातीने बुजली की दार पाण्याने भरते. गाडी वळताना दारात खळखळ ऐकू येते ती त्याचीच. छत्रीच्या काडीने ती मोकळी करावीत. पॅडच्या मागे पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद असतो, तो कारागीर बहुतेक वेळा फाडून टाकतात आणि परत लावत नाहीत. तो कागद आतल्या ओलाव्यापासून पॅडचे आणि स्विचच्या प्लगांचे रक्षण करतो. मूळ कागद उरला नसेल तर जाड प्लास्टिक त्या मापाचे कापून, दुहेरी चिकटपट्टीने लावावे आणि त्याची खालची कड दाराच्या आत सोडावी, म्हणजे ओघळ आतल्या आत राहतो. माझ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराला तो कागद आता आहे. मागच्या डाव्या दाराचा खटका अजून थोडा जड लागतो; त्याचे लॅच पाऊस उघडल्यावर रॉकेलने धुवायचे आहे आणि मोटर तूर्त तीच ठेवली आहे.